पणजीत आम्ही काय बघितलं

कारखान्याचा पट्टा पडला, म्हणजे या वर्षीचं गळीत संपलं, की आमच्या देवळाली प्रवरेच्या हवेत एक वेगळंच रितेपण येतं. चार-पाच महिने नाकात बसलेला मळीचा वास हळूहळू विरत जातो. उसाच्या गाड्या थांबतात. रस्त्यावर पडलेली उसाची वाढी वाळून वाऱ्याबरोबर फिरत राहतात. या दिवसांत मला कुठलंच काम धड सुचत नाही. काहीतरी करायचं होतं, कुणाला तरी काहीतरी सांगायचं होतं आणि ते राहून गेलं, असं वाटत राहतं. काय सांगायचं होतं, ते मात्र आठवत नाही.

अशाच एका संध्याकाळी माझी नात रेवा मोबाईल घेऊन शेजारी येऊन बसली. मैत्रिणींबरोबर पणजीला निघाली होती.

"आजी, तू गेली होतीस ना पणजीला? काय काय बघायचं ते सांग. सगळं गाव पायी फिरता येतं म्हणे."

मी पटकन म्हणाले, "आड बघ."

"आड?"

"विहीर गं. घरामागची."

ती हसत सुटली. "समुद्र सोडून विहीर? बरं, चर्चमध्ये गेली होतीस?"

"पायऱ्यांवर बसलो होतो."

"आणि तो जुना राजवाडा?"

तो बंद होता, की आमच्याच ध्यानात राहिला नाही, हे मला सांगता येईना. रेवाने माझ्याकडे दयेने पाहिलं आणि मोबाईलमध्ये डोकं घातलं. मी उगाच वाती वळत बसले. खरं म्हणजे त्या गावात मी तीन दिवस पायी फिरले आहे, त्याच्या गल्ल्यांचे रंग मला अजून स्वप्नात दिसतात. पण तिथं काय बघावं, असं कुणी विचारलं की माझा पार गोंधळ उडतो. कारण आम्ही जे बघितलं, ते बघायला कुणी पणजीला जात नाही.

ते त्र्याहत्तर साल. बहात्तरचा पाऊस आलाच नव्हता. माझं लग्न त्याच्याच आधीच्या उन्हाळ्यात झालेलं. हे कारखान्याच्या लॅबमध्ये केमिस्ट होते आणि आम्हाला कॉलनीत दोन खोल्यांचं क्वार्टर मिळालं होतं. घरची जमीन घोडेगावच्या बाजूला. तिथं माझ्या सासूबाई एकट्या राहून शेती बघायच्या. आमच्याकडे सासूला आत्याबाई म्हणायची रीत, म्हणून मीही त्यांना आत्याबाईच म्हणत असे. सासरे जाऊन पुष्कळ वर्षं झाली होती. आत्याबाई स्वतः औत धरायच्या, मोट होती तेव्हा मोटही हाकायच्या, असं सगळे सांगायचे. मी मात्र त्यांना तसं कधी पाहिलं नव्हतं. मी पाहिलं ते त्यांना दिवसभर क्वार्टरच्या ओट्यावर नुसतं बसलेलं.

कारण त्या वर्षी दिवाळीपर्यंत त्यांच्या विहिरीचा तळ उघडा पडला होता. वैरण मिळेना, तेव्हा बैलजोडी घोडेगावच्या बाजारात नेऊन विकली आणि हे आईला कॉलनीत घेऊन आले. "आता बस निवांत," म्हणाले. आत्याबाई बसल्या. पण त्यांना निवांत कसं बसायचं ते ठाऊकच नव्हतं. हात मांडीवर उपडे ठेवून त्या रस्त्याकडे पाहत राहायच्या. कॉलनीत पाण्याचा टँकर आला की बाया हंडे घेऊन धावायच्या. आत्याबाईही कळशी घेऊन उठायच्या, तेवढ्यात कुणी कामगार पुढं होऊन म्हणायचा, "तुमी कशाला आज्जी? सायबांची आई तुमी. मी आनून देतो." आणि खरंच आणून द्यायचा. आत्याबाई रिकामी कळशी घेऊन परत ओट्यावर.

माझ्याशी त्यांचं बोलणं मोजकंच. मी नवी, शहाणी, मॅट्रिक झालेली, संगमनेरची. त्यांना माझ्या हातची भाकरी जाड वाटायची, मला त्यांच्या गप्प बसण्याची भीती वाटायची. एका घरात राहूनही आम्ही एकमेकींना चुकवत वावरायचो.

ऊसच नव्हता, त्यामुळे कारखान्याचा पट्टा त्या वर्षी थंडीतच पडला आणि ह्यांना अचानक सुट्टी मिळाली. ह्यांचा शाळेपासूनचा मित्र वसंता पणजीत एका ऑफिसात नोकरीला होता. तो कधीपासून बोलवत होता. हे रात्री मला हळूच म्हणाले, "जाऊ या का? समुद्र बघू. पणजी सगळी पायी बघता येते, वसंता म्हणतो." लग्नाला आठ-नऊ महिने होऊन गेले होते आणि आम्ही दोघं मिळून नगरच्या पलीकडे कुठं गेलो नव्हतो. मी मनातल्या मनात कुठली साडी न्यायची, कुठली नाही, ते ठरवूनही टाकलं.

दुसऱ्या दिवशी जेवताना ह्यांनी आईला सांगितलं. आत्याबाई घास चावत राहिल्या. मग म्हणाल्या, "मीबी येते."

"आई, तू कशाला? प्रवास लांबचा आहे."

"समुद्राला पानी असतं म्हनत्यात. बघावं तरी."

ह्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी ताटाकडे. माझ्या डोळ्यांत पाणी आलं होतं हे खरं, पण ते कुणाला दिसायचं कारण नव्हतं.

पणजीला पोचलो त्या रात्री वसंताने मोठ्या प्रेमाने मासळीचं जेवण घातलं आणि सकाळपर्यंत हे तापाने फणफणले. पोट बिघडलेलं, उभं राहवेना. डॉक्टरांनी औषध दिलं, तीन दिवस पडून राहायला सांगितलं. वसंताने आम्हाला चर्चच्या उतारावर एक खोली बघून दिली होती, तिथं हे पांघरुणात मुटकुळं करून पडले. मी उशाशी बसले. आत्याबाईंनी पेज करून त्यांना पाजली, कपाळाला हात लावून पाहिला आणि मला म्हणाल्या, "चल."

"कुठं?"

"गाव बघाया. मानसाकडं बघत बसल्यानं ताप उतरत न्हाई."

ह्यांनी पांघरुणातूनच सांगितलं, "आधी चर्च बघा, मग नदीकाठचा राजवाडा, तिथून धक्का. संध्याकाळी मीरामारला सूर्यास्त..." पुढचं ऐकायला आत्याबाई थांबल्याच नाहीत. त्या पायऱ्या उतरून केव्हाच रस्त्याला लागल्या होत्या. मी चपला घालून मागे धावले.

आदल्या संध्याकाळी येताना आम्ही मांडवी नदी पाहिली होती. दगडी काठाला लागून पाणी नुसतं डुचमळत होतं. एवढं पाणी पाहून आत्याबाई एसटीच्या खिडकीत ताठ बसल्या होत्या, कुणी रागावलं असावं तशा. आता सकाळी त्याच काठावर जाऊन पाहतो तर पाणी खूप खाली गेलेलं, काठाशी काळा चिखल आणि त्यात दोन बायका वाकून काहीतरी वेचत होत्या.

आत्याबाईंनी माझा दंड धरला. "आटलं."

भरती-ओहोटी शाळेत शिकले होते, चंद्राचं काहीतरी असतं एवढं आठवत होतं, पण त्या क्षणी मलाही खरंच वाटलं, की आमच्याबरोबर आमचा दुष्काळ इथवर आला. मी चिखलातल्या बायकांना हाक मारून विचारलं. त्यांतली एक हसून म्हणाली, "येतलें गो परत!"

"येईल म्हणते," मी सांगितलं.

"कुटनं येईल?"

आम्ही तिथंच बसून राहिलो. चर्च राहिलं, राजवाडा राहिला. दोन-अडीच तास आम्ही चिखलाकडे पाहत बसलो होतो आणि मग खरंच पाणी काठाकडे सरकू लागलं. हळूहळू, कुणाच्या लक्षात येऊ नये असं. मला वाटलं, आत्याबाईंना आनंद होईल. त्या उलट चिडल्या. "मंग जातंच कशाला?" असं त्या पाण्याला मोठ्याने म्हणाल्या आणि तरातरा गावाकडे निघाल्या.

गाव मला फार आवडलं. म्हणजे आवडलं की नुसतीच भुरळ पडली, कोण जाणे. पिवळी घरं, निळी घरं, एखादं गेरूच्या रंगाचं. खिडक्यांना काचांऐवजी शिंपल्यांचे पातळ तुकडे, त्यांतून दुधासारखा उजेड दिसायचा. गल्ल्या एवढ्या अरुंद की दोन्हीकडची माणसं खिडकीतून एकमेकांशी बोलत. पाववाल्याच्या सायकलीचा भोंगा, कुठूनसा पियानोचा आवाज, तळणीचा वास. आणि आम्ही दोघी, एक नऊवारीतली, एक पाचवारीतली, एकमेकींपासून चार हात अंतर ठेवून चाललेलो.

चालता चालता दुपार झाली आणि एकाएकी सगळं बंद झालं. दुकानांच्या फळ्या लागल्या, खिडक्या मिटल्या, रस्त्यावर चिटपाखरू नाही. ऊन नुसतं भिंतींवर पडून होतं. आत्याबाई थबकल्या. त्यांनी पदर डोक्यावरून नीट पुढं ओढला आणि हळू आवाजात विचारलं, "कुनी गेलं का काय गावात?"

मी काय सांगणार? एवढं मोठं गाव, दिवसाढवळ्या, सुगी नाही की पाऊस नाही, आणि दार लावून झोपतं, हे माझ्याही बापजन्मी ऐकलेलं नव्हतं. आम्ही दोघी मयताला आल्यासारख्या खाली मान घालून चालत राहिलो आणि रस्ता चुकलो. कुठल्याही गल्लीत वळलो तरी तेच पिवळं घर समोर येत होतं. शेवटी त्याच घराच्या दाराशी बाहेर बसायला बांधलेले दगडी बाक होते, त्यांवर बसलो.

दार उघडलं. आत एक म्हातारी बाई उभी. अंगात फुलाफुलांचा फ्रॉक, केस पांढरे, गळ्यात बारीक क्रूस. मी घाईने उठले, माफी मागू लागले. तिने आम्हाला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि विचारलं, "उदक जाय?"

पाणी हवं का, एवढं मला कळलं. पण मी आत्याबाईंकडे पाहिलं. त्या वर्षी आमच्याकडे कुणी कुणाच्या घरी गेलं तर पाणी मागत नसे. निघतानाच घरून पिऊन निघायचं आणि यजमानाने विचारलं तर "आत्ताच पिलो" म्हणायचं. बाई आत गेली आणि दोन मोठे पेले काठोकाठ भरून घेऊन आली.

आत्याबाईंनी पेला हातात घेतला. प्यायल्या नाहीत. त्यात पाहत राहिल्या. मग त्या बाईला सरळ विचारलं, "आड कुटं हाय तुजा?"

मला लाजेने मेल्यासारखं झालं. पण त्या बाईला कळलं कसं कोण जाणे, तिने आत बोट दाखवलं. आत्याबाईंनी वहाणा दाराशी काढल्या, त्या घरातून आरपार चालत गेल्या आणि मी मागे मागे. अंधारी बैठक, भिंतीवर कुणाकुणाच्या तसबिरी, एक मोठं घड्याळ, मग स्वयंपाकघर, मग मागचं परस. तिथं जांभ्या दगडाचा कठडा असलेली विहीर होती, वर रहाट. आत्याबाई वाकल्या. पाणी इतकं वर होतं की हात घातला असता तर बोटं भिजली असती. समुद्र एवढ्या जवळ आणि पाणी गोड!

किती वेळ त्या वाकून होत्या कोण जाणे. सरळ झाल्या तेव्हा त्यांनी पदर खोचला आणि पोहरा सोडला.

पहिला पोहरा त्यांनी पायांवर ओतला. दुसरा जास्वंदीला घातला. मग कुंड्यांना, मग केळीला, मग परसातल्या दगडांवर नुसताच. त्या बाईने आधी "पुरो, पुरो" म्हणून हात उचलले, मग हसली, मग खुर्ची आणून सावलीत बसली. रहाट करकरत होता. मी कठड्याला टेकून उभी राहिले आणि पहिल्यांदा माझ्या सासूला काम करताना पाहिलं. पाठ सरळ, खांदे सैल, दोर ओढताना चेहऱ्यावर कसलाच ताण नाही. एखादं माणूस गाणं म्हणत असावं आणि आपल्याला ते ऐकू येऊ नये, तसं काहीतरी मला वाटलं. मी दोनदा "चला आता" म्हणाले. त्यांना ऐकू गेलं नसावं.

"नांव कितें तुजें?" बाईने विचारलं.

"येसू," आत्याबाई म्हणाल्या.

मी चमकले. रेशन कार्डावर यशोदाबाई होतं. येसू म्हणून त्यांना हाक मारणारं माझ्या माहितीत कुणीच उरलं नव्हतं. त्या बाईचं नाव कार्लोता. आत्याबाईंनी ते दोनदा घोकलं आणि तिसऱ्यांदा त्याची कारलूताई झाली ती कायमची.

दुसऱ्या दिवशीही आम्ही तिथंच गेलो. तिसऱ्या दिवशीही. मध्ये एकदा मी हट्टाने त्यांना मीरामारला नेलं. आत्याबाईंनी लाटेचं पाणी ओंजळीत घेऊन तोंडात घातलं, थुंकल्या, म्हणाल्या, "हे काय कामाचं!" आणि सूर्य बुडायच्या आत परत फिरल्या. कारलूताईकडे मात्र त्या सकाळी जाऊन संध्याकाळपर्यंत थांबायच्या. कारलूताई कोंकणीत बोले, मध्येच पोर्तुगीज शब्द टाकी. आत्याबाई घोडेगावचं बोलत. मी मॅट्रिक झालेली, दोघींच्या मध्ये बसायचे आणि मला निम्मंही कळायचं नाही. त्या दोघींचं मात्र बिनबोभाट चालायचं. तिचा एकुलता एक मुलगा लिस्बनला गेला होता, पाणी ओढणारी बाई लग्न होऊन गेली होती, हे मला आत्याबाईंनीच सांगितलं. त्यांना ते कुणी सांगितलं, कसं सांगितलं, मला पत्ता नाही.

चौथ्या दिवशी सकाळी हे उठून बसले. गळ्याला मफलर, गालफडं बसलेली. वसंता आमचं सामान घेऊन एसटीवर आला. आत्याबाई पहाटेच "जाऊन येते" म्हणून गेल्या होत्या. गाडी लागली तशा त्या आल्या. हात रिकामे.

"आई, तुझं गाठोडं कुठाय?"

"कारलूताईकडं."

"म्हणजे?"

"मी न्हाई येत."

ह्यांना वाटलं, त्या चेष्टा करतायत. मलाही तसंच वाटलं. पण आत्याबाईंना चेष्टा करताना आम्ही कधी पाहिलेलं नव्हतं.

"येत नाही म्हणजे काय? इथं राहणार कुठं?"

"तिच्याच घरी. तिला पानी वढाया मानूस न्हाई."

"तू काय मोलकरीण आहेस का?"

"आन तितं कोन हाय मी?"

वसंता उगाच घड्याळ बघू लागला. हे आवाज खाली आणून म्हणाले, "आई, लोक काय म्हणतील? परक्या गावात, परक्या माणसांत... त्यांचं खाणंपिणं..."

"माजं मी रांधते. तिनं चूल दिलीया परसात." मग मऊ आवाजात, "भास्कर, रागवू नगं. लोकांला सांग, आई समुद्रावर हाय."

कंडक्टरने घंटी मारली. मी खिडकीत बसले. आत्याबाई खाली उभ्या होत्या, उन्हामुळे डोळ्यांवर हात धरून. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. काहीतरी म्हणाल्या असतील, इंजिनाच्या आवाजात मला ऐकू आलं नाही. मी मान हलवली. कशाला होकार दिला, मला आजवर ठाऊक नाही. हे बेळगाव येईपर्यंत खिडकीबाहेर तोंड करून बसले होते. त्यांनी आखलेल्या त्या सहलीत त्यांना समुद्र दिसलाच नव्हता, हे मला घरी पोचल्यावर आठवलं.

मग तो उन्हाळा.

कॉलनीतल्या बाया टँकरच्या रांगेत मला विचारायच्या, "सासूबाई कुठं गं? बऱ्याच दिवसांत दिसल्या नाहीत." मी म्हणायचे, "पणजीला आहेत." "कुणाकडं?" "मैत्रिणीकडं." त्या एकमेकींकडे पाहायच्या. घोडेगावच्या बाजूची बाई आणि तिची पणजीत मैत्रीण! शेजारच्या वहिनींनी तर एकदा मला बाजूला घेऊन स्पष्टच विचारलं, "भांडण झालं का तुमचं? मला सांग, मी कुणाला बोलायची नाही." मी नाही म्हणाले. त्यांनी माझ्या पाठीवरून हात फिरवला, म्हणजे त्यांचा विश्वास बसला नव्हता.

घर आता माझं एकटीचं होतं. हेच तर मला हवं होतं. मी डाळीला माझ्या पद्धतीने फोडणी देऊ लागले, दुपारी मासिकं वाचू लागले. आणि तरी ओट्यावर गेलं की त्या रिकाम्या जागेला वळसा घालून चालायचे. मला सुख झालं होतं की अपमान, हे मला ठरवता येत नव्हतं. त्या आम्हाला सोडून गेल्या म्हणायचं, की आम्ही त्यांना? आणि यातलं काहीच नसेल, एका बाईला एक विहीर आवडली, एवढंच असेल, तर मग त्या जागेवरून मला सरळ का चालता येत नव्हतं?

वसंताची पत्रं यायची. आई बरी आहे. बाजारात जाते, भाव करते. दुपारी त्या दोघी दार लावून झोपतात. हे पत्र वाचायचे, घडी घालायचे, चष्मा पुसायचे आणि कामावर जायचे. मी एकदा म्हटलं, "जाऊन घेऊन या ना." हे म्हणाले, "तिला यायचं असेल तर तिला रस्ता ठाऊक आहे." इतक्या शांतपणे म्हणाले की मी पुन्हा विषय काढला नाही.

पाऊस झाला. चांगला झाला. गावाकडची विहीर भरली, तसं ह्यांनी पोस्टकार्ड टाकून कळवलं. आत्याबाई आल्या नाहीत. आषाढ गेला, श्रावण गेला. आता त्या येणारच नाहीत, असं मी धरून चालले. तेव्हा मला दिवस गेलेले होते आणि रात्री झोप लागेनाशी झाली की मी त्या पिवळ्या घराचा रस्ता आठवायचा प्रयत्न करायचे. डावीकडे वळायचं की उजवीकडे, कधीच नक्की व्हायचं नाही.

दसऱ्याच्या सुमाराला आमच्या मळ्याशेजारचा एक शेतकरी कारखान्यावर आला. ह्यांना म्हणाला, "सायब, तुमची आई मळ्यात आलीया. चार दिस झालं. ज्वारी पेरायची म्हनती, बैल पायजेल."

त्या क्वार्टरकडे फिरकल्याच नव्हत्या. थेट घोडेगावला उतरून छपरात जाऊन राहिल्या होत्या. हे काही न बोलता दुसऱ्याच दिवशी निघाले. मी दिवसभर घरात येरझाऱ्या घालत होते. आता भांडण होईल, रडारड होईल, काहीतरी एकदाचं उलगडेल, असं वाटत होतं. रात्री हे परत आले ते धोतराला... नव्हे, पँटला शेण लागलेलं, उन्हाने तोंड रापलेलं.

"काय झालं?"

"बैल घेतले. चांगले आहेत. चार दातांची, चौसा जोडी."

"आणि आत्याबाई?"

"बऱ्या आहेत. तिकडून काथ्याचा दोर घेऊन आली, विहिरीसाठी. कुजत नाही म्हणते."

"तुम्ही विचारलं का?"

"काय?"

"त्या का राहिल्या तिकडे?"

हे पायांवर पाणी घेत होते. पाय चोळत म्हणाले, "नाही गं. बैलांचं बोलणं चाललं होतं." आणि मग, बऱ्याच महिन्यांनी, त्यांना हसू आलं. मलाही आलं. कशाचं, ते विचारू नका.

त्यानंतर आत्याबाई क्वार्टरमध्ये राहायला म्हणून कधी आल्या नाहीत. सणाला यायच्या, बाळंतपणात आल्या, बाळाला न्हाऊ घालून परत मळ्यात. मुलाचं आणि आईचं बोलणं पुन्हा सुरू झालं होतं, म्हणजे बियाणं, वैरण, पाळीचं पाणी. पणजीचं नाव कुणी काढलं नाही. मीही नाही. एकदा त्यांच्याजवळ बसून ज्वारीची कणसं खुडताना मी धीर करून म्हटलं, "आत्याबाई, तिकडे तुम्हाला आमची आठवण नाही आली?" त्या म्हणाल्या, "आली की. रोज यायची." आणि खुडत राहिल्या. मी वाट पाहिली, पुढं काही येईल म्हणून. पुढं काही आलं नाही. रोज आठवण येत होती आणि तरीही त्या राहिल्या, या दोन गोष्टी शेजारी शेजारी ठेवून मी इतकी वर्षं पाहते आहे. त्या एकमेकींना धक्का लावत नाहीत, जवळही येत नाहीत.

ज्वारी निघाली. खळं झालं. आणि आत्याबाईंनी निरोप धाडला, की कारलूताईचा आड उपसायचा आहे, उन्हाळाभर जाऊन येते. पुढं चार-पाच उन्हाळे त्या अशाच जात राहिल्या, कारलूताईला तिचा मुलगा लिस्बनला घेऊन गेला तोवर. पण मला आठवतो तो त्यांतला पहिला उन्हाळा, चौऱ्याहत्तरचा. आम्ही दोघं त्यांना पोचवायला नगरच्या स्टँडवर गेलो होतो. बाळ तीन महिन्यांचं, माझ्या खांद्यावर झोपलेलं. ह्यांनी आईला जागा धरून दिली, पाण्याची पिशवी दिली, आणि मग पलीकडच्या टपरीवर चहा सांगायला गेले.

आत्याबाई खिडकीशी बसल्या होत्या. नवं लुगडं, कपाळावर घाम. त्यांनी हात बाहेर काढून बाळाचा पाय धरला, अंगठा हळूच दाबला. मग माझ्याकडे न पाहताच म्हणाल्या, "तू येतीस का?"

"कुठं?" मी विचारलं, जसं काही मला कळलंच नव्हतं.

"माज्यासंगं. बाळाला घेऊन. चार-आठ दिस. भास्कर येईल मागनं न्यायाला."

साड्या नाहीत, दुपटी नाहीत, बाळाचं काजळसुद्धा घरी. आणि त्याच क्षणी ती गल्ली मला स्वच्छ दिसली, कुठं वळायचं ते सुद्धा.

"ह्यांना विचारून येते," मी म्हणाले.

"इचार," आत्याबाई म्हणाल्या.

मी माणसांतून वाट काढत टपरीकडे धावले. बाळ जागं होऊन रडायला लागलं. हे दोन कपांकडे लक्ष ठेवून उभे होते. मी धापा टाकत सांगितलं. मला वाटलं, आता हे शंभर गोष्टी काढतील, लहान मूल, ऊन, लोक, घर. ह्यांनी माझ्याकडे पाहिलं, बाळाकडे पाहिलं आणि लगेच म्हणाले, "जा की."

मी वळले. गाडी फाटकातून बाहेर पडत होती. मागच्या काचेवर धूळ एवढी होती, की आत कोण कुणीकडे पाहतंय ते काहीच दिसत नव्हतं. मी तिथंच उभी राहिले. जीव भांड्यात पडला होता की कुणी पायाखालची फळी काढून घेतली होती, मला कळेना. हात करावा म्हटलं, तर दोन्ही हातांत बाळ.

हे मागून आले, कप माझ्यापुढं धरला आणि बाळाला आपल्याकडे घेतलं.

"गेली?" ह्यांनी विचारलं.

"गेली," मी म्हणाले, आणि हात मोकळा झाल्यावर, गाडी वळणाआड गेली असतानाही, तो वर केला.